नलू, तुझी मराठी

नलू,

गेल्या मंगळवारी तुझ्या वहिनींनी मला विचारलं, "कुमुदताई, कुणाला कळवायचं राहिलंय का?" नातेवाइकांचं त्यांनी उरकलं होतं. कॉलेजातल्या मुली माझ्या वाट्याला आल्या. मी कागद घेतला आणि तीन रकाने आखले: नाव, हल्ली मुक्काम, कळवले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुमुद, यमाच्या दारात पण तू रजिस्टर मांडशील."

दोन संध्याकाळी बसून कार्डं लिहिली. अहमदाबादच्या चौघी, बडोद्याच्या दोघी, पुण्याची एक, नवऱ्याबरोबर नैरोबीला गेलेली हंसा. सगळ्यांना तीच वाक्यं. नलिनीबेन गेल्या. फार त्रास झाला नाही. शनिवारचं मंडळ चालू आहे. त्यातलं दुसरं वाक्य खोटं आहे आणि तिसरं अर्धं खोटं. कार्डावर जागा कमी असते.

शेवटी एक नाव उरलं. वत्सला, नवागाम. ते यादीत नव्हतंच, कारण चार वर्षांपूर्वी मीच माझ्या हातानं ते कापलं होतं. तिच्यावरून मी तुला एक वाक्य बोलले होते. त्यानंतर आपण दर शनिवारी एका टेबलाशी बसलो, पण दोन परक्या बायका बसाव्या तशा. म्हणून वत्सलाला कार्ड टाकून भागणार नव्हतं. तू गेलीस हे तिला जाऊन सांगायचं होतं. आणि धीर झाला तर विचारायचं होतं, की मी तुला बोलले ते खरं होतं का.

मी जाऊन आले. काय कळलं ते सांगण्याआधी मागचं सगळं एकदा लावून घेते. मला क्रमानं सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही, हे तुला माहीत आहे.

आपली ओळख चावीवरून झाली. मी मिरजेची, लग्न होऊन सुरतेला आलेली. ह्यांची बँकेतली नोकरी, आणि माझी कॉलेजच्या ऑफिसात, प्रवेशाच्या टेबलावर. त्या वेळी अख्ख्या इंजिनिअरिंग कॉलेजात बायकांसाठी एकच संडास होता, तोही ऑफिसच्या इमारतीत, आणि त्याची चावी माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला. चावी हरवू नये म्हणून मी एक वही घातली होती. नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, सही. मुली होत्या पाच. वही अगदी स्वच्छ होती, कारण कुणी फारसं येतच नसे. मुली शिस्तीच्या आहेत असं मला वाटे.

मग एक दिवस हंसा वर्कशॉपमध्ये कानस घासता घासता चक्कर येऊन पडली. तिथले मास्तर म्हणाले, "आ छोकरीओनुं काम नथी, बेन." तू गणिताची नवी लेक्चरर. तू तिला सावलीत बसवलंस, पाणी पुढे केलंस, तर ती पाणी पिईना. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं म्हणजे चार कारकुनांसमोर सही करायची.

तू तडक माझ्या टेबलाशी आलीस.

"ही वही कुणाची?"

"ऑफिसची."

"लघवीला जायला सही करायची?"

"चावी हरवली तर जबाबदार कोण?"

"हरवली तर हरवली! अगं, आत काय सोनं दाटलंय?"

'दाटलंय' म्हणजे पुरलंय. गुजराती. चारही कारकून खो खो हसले. मी हसले नाही. तुझा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो आपल्या चोख वहीचा. पाच मुली दिवसभर तहानलेल्या राहत होत्या आणि मी त्याला शिस्त समजत होते. दुसऱ्या दिवशी मी ती वही बंद केली आणि चावीची एक जोड करून वर्कशॉपच्या बाजूला तुझ्या खोलीत टांगली. तू म्हणालीस, "शनिवारी दुपारी नवरी आहेस का?"

मी डोळे वटारले. "लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या. दोन पोरांची आई मी. नवरी कसली?"

तुला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तू टेबलावर डोकं टेकून हसलीस. गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हाताला काम नसलेली. आपल्याकडे नवरी म्हणजे बोहल्यावर चढणारी. तुझा जन्म नवसारीचा, शाळा गुजराती. मराठी तुझ्या आईपुरती, स्वयंपाकघरापुरती. तू माझी 'वाट जोत' असायचीस, छत्री 'भुलून' जायचीस, सकाळी 'वहेली' यायचीस. आणि मी दर वेळी दुरुस्त करायची. वाट बघते म्हण. विसरले म्हण. लवकर म्हण. तू म्हणायचीस, "बाई, शाळा कधी सुटणार?" आपल्या मैत्रीतला तो खेळच होता. मला तरी तो खेळ वाटत होता.

त्या शनिवारपासून मंडळ सुरू झालं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तुला विचारलं होतं, विद्यार्थिनींच्या मंडळात ऑफिसातली क्लार्क कशाला? तू त्यांना उलट विचारलंस, "साहेब, तुम्हाला सगळ्या मुलींची नावं येतात? यांना येतात." मी दाराबाहेर फायली घेऊन उभी होते. हे मी ऐकलं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हणाले, काही नाही. मॅट्रिक झालेली बाई मी. मला माझ्या कामाचं नाव कुणी तोवर सांगितलं नव्हतं.

शनिवारी दोन ते पाच, ड्रॉइंग हॉलच्या टोकाचं टेबल. वरच्या वर्गातल्या मुली खालच्यांना शिकवायच्या. जुने बोर्ड, टी-स्क्वेअर जपून ठेवायचे आणि पुढच्या मुलीला द्यायचे. त्याची नोंद माझ्याकडे. लेथवर पदर अडकायची भीती, मास्तरांना पँट हवी, घरच्यांना साडी हवी. मग तू आणि हंसानं मिळून गुडघ्याखालपर्यंतचा पट्ट्याचा खाकी डगला शिवून घेतलात. मुलं म्हणायची, "पोस्टमन आल्या." मंडळाचं नाव त्यांनी ठेवलं भजनमंडळ. एकदा खिडकीतून एक जण ओरडला, "नलिनीबेन, टाळ कुठे?" तू खडू खाली न ठेवता म्हणालीस, "टाळ तुझ्याकडे. आत ये, थोडं इंटिग्रेशन पण घेऊन जा." तो गेला तो परत आला नाही.

पण खरं काम शनिवारचं नव्हतंच. खरं काम तू बाकीच्या दिवशी करायचीस. पहिल्या वर्षाला आलेल्या मुली गळायच्या, आणि त्या वर्गात गळत नसत, घरात गळत. कुणाची आई आजारी पडे, कुणाची आत्या स्थळ घेऊन येई. तू प्रत्येकीच्या घरी जायचीस. चहा प्यायचीस, लोणचं नावाजायचीस, बापाशी त्याच्या कामाचं बोलायचीस आणि उठता उठता मुलीचं. मी म्हणायची, छापील पत्र पाठवू. हजेरी, मार्क, परीक्षेची तारीख. सगळं एका कागदावर.

"कागद घरात जात नाही, कुमुद. माणूस जातं."

"कागद चुकीचं बोलत नाही."

"कागद बोलतच नाही."

हा वाद आपण नऊ-दहा वर्षं घातला. तो मिटला नाही. पुढे तो मी जिंकला, आणि आता मला त्या जिंकण्याचं तोंड बघवत नाही.

वत्सला आली ती त्र्याहत्तरच्या जूनमध्ये. वडील सुकदेव, अमळनेरकडचे, लूमवर कारीगर. आई घरी बॉबिन भरायची. मुलगी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून वर आलेली. इंग्रजीत अडखळायची, पण गणिताला हात घातला की थांबायची नाही. तू मला म्हणालीस, "कुमुद, ही माझ्यापेक्षा हुशार आहे. मला स्वतःला जे व्हायचं होतं ना, ते ही होईल." तुला इंजिनिअर व्हायचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आठ वर्षं शेजारी बसून मी ते कधी विचारलं नव्हतं.

जानेवारीत नवनिर्माणाचं आंदोलन पेटलं आणि कॉलेजं बंद झाली. मुलं रस्त्यावर, मुली घरात. तू लगेच ठरवलंस, शनिवारचं मंडळ आपल्या घरी भरवायचं. नाहीतर घरात बसलेली मुलगी परत बाहेर निघणार नाही. एकेकीच्या घरी जाऊन सांगून आलीस. नवागामलाही गेलीस. त्या वेळी तिकडे चार-सहा चाळी आणि मोकळं रानच होतं. सुकदेवभाऊ दारात बसले होते. तू त्यांना म्हणालीस, "कॉलेज बंद आहे, वत्सला नवरीच आहे ना? मग शनिवारी माझ्याकडे पाठवा."

ते म्हणाले, "हां बाई. नवरीच शे."

तू खूश होऊन परत आलीस. मला म्हणालीस, "लगेच हो म्हणाले!"

पहिल्या शनिवारी ती आली नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात आपण दोघी गेलो. दारात तिची आई बॉबिन भरत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "लगीन व्हयी गयं. गेल्या आईतवारी. गावाकडे."

तू खाली बसलीस, त्या बॉबिनच्या ढिगाशेजारी. सुकदेवभाऊ आतून आले. मीच विचारलं, असं अचानक कसं? ते तुझ्याकडे बोट करून म्हणाले, "बाईच सांगी गयात ना, पोर नवरी शे म्हणून? कॉलेजच्या बाईलेच तसं वाटनं, मंग आम्ही कसाले थांबू?"

मला एका क्षणात सगळं उलगडलं. तुलाही. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस.

बसथांब्यापर्यंतचा रस्ता धुळीचा होता. तू म्हणालीस, "पण कुमुद, मी तर फक्त…" आणि मी बोलले. अक्षर न अक्षर आठवतंय. "तुझ्या या मोडक्या मराठीनं एका मुलीचं आयुष्य घालवलं, नलू. दहा वर्षं सांगतेय, नीट बोलायला शीक. तुला सगळं हसण्यावारी."

तू चालत राहिलीस. रडली नाहीस. रडली असतीस तर मी तिथेच थांबले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण तेही खरं नसेल. मला त्या दिवशी आपण बरोबर आहोत याचा एक प्रकारचा आनंद झाला होता. शब्द मी दुरुस्त केला होता. तू मानला नव्हतास. हिशेब चोख होता.

सोमवारी तू ऑफिसात आलीस. "कुमुदताई, कृपया प्रवेशाची यादी पाहायला मिळेल का?"

ताई. कृपया. पाहायला मिळेल का. मला वाटलं, रागावली आहे, चार दिवस जाईल. पण तो राग नव्हता. तू पुस्तकातल्यासारखी मराठी बोलू लागलीस. प्रत्येक वाक्याआधी जरा थांबायचीस, शब्द तपासून घ्यायचीस, मग बाहेर काढायचीस. वाट बघते. विसरले. लवकर. एकही चूक नाही. वर्गात, मुलांत, शिपायाशी तू तशीच होतीस, गुजरातीत खळखळून हसायचीस. टेबलापाशी, माझ्यासमोर, तुझी जीभ आखडायची. माझ्याशी बोलताना तू परीक्षेला बसायचीस, आणि मी चार वर्षं पर्यवेक्षक होऊन बसले.

घरोघरी जाणं तू बंद केलंस. म्हणालीस, "तुम्ही जा, तुम्हाला भाषा येते." मी गेले नाही. मला कुणाच्या दारात जाऊन बसता येत नाही. चहा घ्या म्हणाले की मी घड्याळ बघते. मी पत्रं पाठवली. सायक्लोस्टाइल केलेली, तीन भाषांत, एकही चूक नसलेली. आल्या त्यातल्या किती मुली टिकल्या याचे आकडे माझ्याकडे आहेत. इथे देत नाही.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा वहिनी खाली गेल्या होत्या. तू डोळे मिटून पडली होतीस. मी बोलावं म्हणूनच आले होते. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "मने…" आणि थांबलीस. तापानं ओठ सुकलेले, श्वास पुरत नव्हता, आणि तू थांबून शब्द बदललास. "मला. मला पाणी."

मी पाणी दिलं. नलू, मने म्हण, काय वाटेल ते म्हण, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "शनिवारचं सगळं लावून दिलंय, काळजी करू नकोस." तू मान हलवलीस.

काल रविवार. सकाळच्या बसनं मी नवागामला गेले. आता तिथे रान नाही. चाळीला चाळ लागली आहे आणि बंद दारांमागूनही लूमचा आवाज येतो. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा घर सापडलं. सुकदेवभाऊ खाटेवर बसले होते, केस सगळे पांढरे. वत्सला घरातच होती. तिचं सासर आता उधन्याला आहे, नवराही लूमवरच, रविवारी ती माहेरी येते. कडेवर मूल, दुसरं पायाशी. तिनं मला लगेच ओळखलं.

"कुमुदबाई? नलिनीबेन नाही आल्या?"

मी सांगितलं. चुलीवर भाकरी होती, ती तिनं करपू दिली. आईनं उठून तवा उतरवला.

थोडा वेळ गेला आणि मी सुकदेवभाऊंना म्हणाले, "भाऊ, एक विचारायचं होतं. त्या वेळी बाई एक शब्द चुकीचा बोलल्या. त्यांना रिकामी म्हणायचं होतं. तुम्हाला ते कळलं नाही, त्याचं त्यांना फार लागलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. वाईट हसणं नव्हतं ते, म्हातारा माणूस लहान पोराच्या बोलण्याला हसतो तसं.

"बाई, माले तो शब्द कळना नही असं वाटनं तुम्हले? पंधरा वरीस कारखान्यात काढात. धागा तुटी गया, माग थांबी गया, की शेठ वरडे, 'नवरो बेठो छे!' दिवसमा दहा डाव. नवरा म्हणजे रिकामा, हे सुरतनं शेंबडं पोरगंबी सांगी."

"मग तेव्हा तुम्ही तसं का बोललात?"

"सोयरीक दिवाळीलेच ठरेल होती. कॉलेज बंद पडनं ते बरंच झायं. पण त्या बाई येत, समजाडत. त्यास्नाशी कोण भांडी? बाई भली. त्यास्नाच शब्द सापडी गया, मी धरी लिधा." त्यांनी मूठ मिटून दाखवली. "त्या गप बसन्यात. माले वाटनं, शिकेल बाई, कळनं व्हई तिले."

वत्सला म्हणाली, "आबा, हे तुम्ही मला पण कधी सांगितलं नाही."

"काय सांगू? व्हयी गयं ते व्हयी गयं."

मी उठले. चहा आला होता, तो अर्धा ठेवला. मग परत बसले आणि सगळा प्यायले. तू असतीस तर सगळा प्यायली असतीस.

वत्सला मला थांब्यापर्यंत सोडायला आली. मूल कडेवरच. घर नजरेआड झालं. मग म्हणाली, "बाई, मी तेव्हा नवरीच होते. नलिनीबेन म्हणाल्या त्याच अर्थानं. कॉलेज बंद, दिवसभर काही काम नाही. त्या शनिवारी मी वेणी घालून, वह्या घेऊन दारात बसले होते. आबा म्हणाले, आज नको, पुढच्या शनिवारी जा."

मी चालता चालता तिच्याकडे पाहिलं.

"किती जणी आल्या होत्या हो त्या दिवशी?"

"चौघी."

"काय शिकवलं?"

मला ते पाठ आहे. "इंटिग्रेशन. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ. तू येशील म्हणून नलिनीबेननी अर्धा तास सुरू केलं नव्हतं."

तिनं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला आलं असतं ते," ती म्हणाली. "मला गणित येत होतं, बाई."

"हो," मी म्हणाले. "त्या म्हणायच्या तसं."

"काय म्हणायच्या?"

मी सांगितलं. तू तिच्याबद्दल जे म्हणाली होतीस ते, शब्द न बदलता. ती थांबली, मूल तिच्या बांगड्या ओढत होतं. बस आली. मी तिला 'येत जा' म्हणाले नाही. कशासाठी ये म्हणणार? आणि मी तुला काय बोलले होते, तेही तिला सांगितलं नाही. ते सांगायचं माणूस ती नव्हे.

तर हे असं आहे, नलू. शब्द तुझा नव्हता. त्या माणसाला तू काय म्हणालीस ते पहिल्याच क्षणी कळलं होतं. त्याला तू नकोशी होतीस, कारण तू ऐकून घेणारी नव्हतीस, त्याला पटवणारी होतीस. तुझी मराठी खरंच मोडकी असती तर त्याला तुझी भीती वाटली नसती. ज्या दारात तुझ्या बोलण्याला इतका धाक होता, त्या दारातून मी तुला मागे ओढलं आणि चार वर्षं गप्प बसवलं. तो माणूस एकदाच खोटं बोलला. ते खोटं रोज खरं मानण्याचं काम माझं होतं.

हे मी कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, झालं गेलं, तुला काय माहीत. मुलींना सांगितलं तर त्या माझीच समजूत घालतील. वहिनींना सांगवत नाही, त्यांच्या घरात तू ते छापील बोलणं रात्री वहीत लिहून पाठ करायचीस, हे त्यांनीच मला परवा सांगितलं. त्यांना वाटलं, मला ऐकून बरं वाटेल. म्हणाल्या, "तुमच्यामुळे तिची मराठी किती सुधारली, कुमुदताई."

मला तुझी जुनी मराठी ऐकायची आहे. आत काय सोनं दाटलंय, असं विचारणारी. मी दुरुस्त करणार नाही.

माझं चुकलं, नलू. वाक्य एवढंच आहे. दोन शब्दांचं, कुठल्याही भाषेत चुकणार नाही असं. तू काही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी जरा थांबते.